श्वासाच्या मापाची पत्ती

दुपारी खाणीतला भोंगा वाजला की आई हातातलं काम टाकून भांड्यांच्या फळीपाशी जायची आणि दोन्ही हात पसरून पितळी गंज-पातेली धरून उभी राहायची. भोंग्यामागून सुरुंग उडायचे. पायाखालची जमीन हलायची, भांडी एकमेकांवर आपटायची, कवेलूंच्या फटींतून माती गळायची आणि मग कारखान्याच्या भट्टीची घरघर पुन्हा ऐकू यायला लागायची. खरं तर ती थांबलेलीच नसायची. कोरपन्याच्या रस्त्यावरचं आमचं गाव या घरघरीतच मोठं झालं. लग्न होऊन मी चंद्रपूरला आले तेव्हा सुरुवातीला मला झोप लागायची नाही, कानांना काहीतरी कमी पडायचं. कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. मधल्या काळात त्याचे मालक बदलले, आणि जुन्यांनी केलेल्याची नव्यांना लाज वाटेल असं मला वाटत नाही.

आमचं घर कारखान्याच्या भिंतीमागे, बौद्ध मोहल्ल्यात. बाबा पॅकिंग प्लांटमध्ये होते. नळीखाली रिकामी पिशवी लावायची, भरली की ढकलायची, दुसरी लावायची. घरी यायचे तेव्हा भुवया, पापण्या, कानांतले केस सगळं राखाडी असायचं. नहाणीत अंग धुतलं तरी कानामागे रेघ राहायचीच. आई कुरखेड्याकडची, भाताच्या मुलखातली. आमच्या भागातली काळी माती, कपाशी आणि ज्वारीची भाकर तिला कधी आपली वाटली नाही. संध्याकाळी ती भात टाकायचीच. सोबत लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. भातावर दोन पदरी फडकं झाकून ठेवायची, तरी दाताखाली कचकच यायचीच. धुळीवर उतारा म्हणून कारखाना कामगारांना गूळ द्यायचा. गुळानं छाती साफ होते म्हणे. बाबा तो खडा कागदात बांधून घरी आणायचे आणि मी आणि माझा धाकटा भाऊ तो चोखत छपरीत बसायचो. त्यांच्या छातीसाठी दिलेला गूळ आम्ही खाल्ला, असं कोणी म्हणेल. मी म्हणते, गुळानं छाती साफ होते असं जे सांगत होते त्यांनी स्वतः तो का खाल्ला नाही.

बाबांकडे माउथ ऑर्गन होता. ते त्याला बाजा म्हणत. आधी त्यांच्याकडे दुहेरी भोकांचा लांब बाजा होता, जत्रेत, दुकानात सगळीकडे मिळतो तसला. त्यात एका सुराला पितळेच्या दोन पातळ पत्त्या असतात, एक वरच्या रांगेत आणि एक खालच्या. दोन्ही अगदी एकसारख्या लावलेल्या नसतात, एक केसभर चढी असते, म्हणून त्याचा आवाज थरथरतो. भीमजयंतीच्या मिरवणुकीत तो फार छान लागायचा. पण बाबांना त्याचा एक राग होता. आई काम करताना रोवणीची गाणी गुणगुणायची, चिखलात ओणवं होऊन धान लावताना बाया म्हणतात ती. त्या गाण्यांत सूर एका जागी उभा राहत नाही, घसरत घसरत खाली येतो. बाबांच्या लांब बाज्यात ते घसरणं निघेना. त्यात एक सूर संपायचा आणि दुसरा सुरू व्हायचा, मधे काहीच नाही. आई हसायची. म्हणायची, "तुमचा बाजा पायऱ्या उतरते, माहं गानं उतार उतरते."

भट्टी बसवायला आलेल्या परदेशी फिटरांपैकी एकाच्या हाताखाली बाबा काम करत होते. हे माझ्या जन्माच्या आगेमागे. तो माणूस जेवणाच्या सुट्टीत एक लहानसा, तळहातात मावेल असा माउथ ऑर्गन वाजवायचा आणि त्यातून सूर रबरासारखा ताणायचा. जाताना तो बाबांना देऊन गेला. बाबांनी ते घसरणं स्वतःच शोधून काढलं, कित्येक महिने घरामागच्या सांदवाडीत बसून. त्यांनी मला ते दाखवलं तेव्हा मी सातवी-आठवीत असेन. या लहान बाज्यात एका भोकाच्या खोलीत दोनच पत्त्या असतात, एक फुंकल्यावर बोलणारी, एक ओढल्यावर बोलणारी. दोघी एकाच हवेत राहतात. तिसऱ्या भोकातून श्वास ओढायचा आणि ओढता ओढता जीभ मागे घ्यायची, घसा खाली सोडायचा, जसं आपण 'ई' म्हणता म्हणता 'ऊ' वर जातो तसं. मग ओढायची पत्ती नमते आणि तिच्या शेजारची, खालच्या सुराची फुंकायची पत्ती तिच्यासोबत बोलायला लागते. दोघींच्या मधले सगळे सूर त्या वाटेवर सापडतात. लांब बाज्यात प्रत्येक पत्तीची खोली वेगळी, शेजारीण नाही, म्हणून ती लवत नाही.

"जोरानं वढलं म्हून नाई लवत थे," बाबा म्हणायचे. "जोर केला तं बाजा मरते. तोंडातली जागा बदलवा लागते."

मला ते जमायला एक पावसाळा गेला. ओठ सोलले. तिसऱ्या भोकावर पहिल्यांदा सूर घसरला तेव्हा आई चुलीपुढून उठून दारात आली होती. तिच्या चेहऱ्यावर कुरखेडा दिसलं.

त्या बाज्याचा शत्रू सिमेंट होतं. बाबा कितीही धुवून पुसून वाजवायला बसले तरी त्यांच्या श्वासातून ते यायचंच. पत्तीवर थुंकीची ओल असते. त्या ओलीत सिमेंट बसायचं आणि वाळून पक्कं व्हायचं, भिंतीवर व्हावं तसं. मग एखादा सूर चढायचा नाही, एखादा फाटायचा, एखादा मुका व्हायचा. बाबांची बोटं पिशव्या धरून जाड झाली होती, म्हणून बाजा उघडायचं काम माझ्याकडे आलं. दोन बारीक स्क्रू काढले की वरखालचे पत्रे निघायचे. आत पितळेच्या दोन पाट्या, मधे लाकडाची फणी. फणीच्या दातांमधल्या जागा म्हणजेच त्या खोल्या. पाटीतल्या प्रत्येक फटीवर एक पत्ती, एका टोकाला ठोकलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी. पत्ती फटीवर सपाट नसते, टोकाशी जरा उचललेली असते. त्या उचलीतच सगळं आहे. उचल जास्त असली तर हवा बाजूनं निसटून जाते, खूप फुंकल्याशिवाय पत्ती जागी होत नाही. उचल कमी असली तर हलक्या श्वासालाही ती लगेच बोलते. पण फारच कमी ठेवली आणि कोणी जोरात फुंकलं, तर पत्ती फटीत दबून बसते आणि आवाजच येत नाही. मी विडीच्या बंडलाच्या कागदाची पट्टी पत्तीखालून फिरवून सिमेंट काढायचे आणि स्टोव्हच्या पिनेनं उचल लावायचे. आतल्या बाजूच्या पत्त्या फटीतून पिन घालून ढकलाव्या लागायच्या. पितळ मऊ. जरा जास्त रेटलं की संपलं.

मी दहावीत असताना बाबांनी पहिल्यांदा सांगितलं, "सुजे, बाजा जड झाला. जरासाक हलका कर." मला वाटलं पत्त्यांवर साठलं असेल. उघडून पाहिलं तर साफ होतं. तरी उचल थोडी कमी केली. ते खूश झाले, दोन गाणी वाजवली. मग दिवाळीच्या सुमारास पुन्हा म्हणाले, "जड लागून राह्यला." मी पुन्हा कमी केली. उन्हाळ्यात पुन्हा. घसरणारा सूर तेव्हाही निघायचा, उलट दोन्ही पत्त्या अशा खाली बसवल्यामुळे कमी हवेत निघायचा, पण तो आता लहान झाला होता. पूर्वी ते तिसऱ्या भोकावर सूर तळापर्यंत नेऊन थांबवून धरायचे. आता खाली जाऊन लगेच वर यायचे. मी एकदा त्यांचा बाजा घेऊन माझ्या नेहमीच्या जोरानं ओढलं तर आवाजच आला नाही. पत्त्या गप्प. पुन्हा ओढलं, पुन्हा गप्प. मग अगदी झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतकं हलकं ओढलं तेव्हा सूर आला. बाजा जड झालेला नव्हता. माझ्या बापाच्या छातीत आता एवढंच उरलं होतं, आणि मी पिनेनं थोडं थोडं करून ते मोजत आले होते.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मले माहीत हाय. रातच्याला उठून बसतात ते. तुमी झोपले रायता."

कारखान्यात डॉक्टर होता. त्यानं छातीला नळी लावून विडी सोडायला सांगितलं. बाबा विडी ओढत नव्हते. ते बंडलाचे कागद मी शेजारच्या काकांकडून आणायचे. डॉक्टरला हे सांगितल्यावर तो म्हणाला, मग दमा असेल, घराण्यात कोणाला होता का. पॅकिंगमधल्या ज्यांची छाती गेली त्या सगळ्यांच्या घराण्यात त्याला दमा सापडायचा. बाबांनी अर्ज केला की पॅकिंगमधून काढून बागेत किंवा गेटवर काम द्या. बागेतली माणसं साहेब लोकांच्या क्वार्टरांपुढे गुलाबाला पाणी घालायची. बाबा संध्याकाळी जेवताना त्या गुलाबांबद्दल बोलायचे, कलम कसं करतात, पाणी कधी द्यायचं. त्यांनी जन्मात गुलाब लावला नव्हता. अर्जावर ठरवायला डॉक्टर आणि कामगार अधिकारी बसणार होते, पण ते बसतच नव्हते.

त्या वर्षी कारखान्यात सुरक्षा सप्ताहाची सांगता होती. मोठे साहेब नवीन आले होते, त्यांना गाण्याची आवड. कामगारांमधले कलाकार शोधून आणा असं त्यांनी सांगितलं आणि कामगार अधिकाऱ्यानं बाबांना बोलावून घेतलं. बाबा घरी आले ते वेगळ्याच चालीनं. खाटेवर बसून त्यांनी आधी सगळा श्वास गोळा केला आणि मग सांगितलं.

आई धान पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "नोका वाजवू."

"काऊन?"

"तुमी चांगलं वाजवसान म्हून."

बाबा हसले. "चांगलं वाजवलं तं साहेब खुश होईल. खुश झाला तं अर्जावर सही करंल. तुले काई समजत नाई."

"खुश होईल," आई म्हणाली, "आन मंग इचारंल का ह्या माणसाले झालं तरी काय. आजाऱ्यानं आजाऱ्यावानी दिसा लागते."

"मी भीक मांगाले जाऊन नाई राह्यलो. मी कलाकार म्हून जाऊन राह्यलो."

आई सूप खाली ठेवून बाहेर निघून गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाजा पुढे केला. मी तो घेतला. शाळेतून आलेली, अजून हातपाय न धुतलेली मी, दारातल्या उजेडात बसले आणि एकेक पत्ती आणखी खाली आणत गेले. ते शेजारी बसून हळूच फुंकून पाहायचे आणि म्हणायचे, "आनखीन." याहून खाली आणलं असतं तर पत्ती फटीला टेकली असती, तिथपर्यंत मी ती आणली. आजही कोणाला हे सांगितलं की ते मला धीर द्यायला लागतात, तुझा काय दोष म्हणतात. दोष मी घेतलेलाच नाही. माझ्या बापाला वाजवायचं होतं, मी त्याला वाजवता येईल असं करून दिलं. माझ्या मनात आहे तो राग, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

सांगता दुपारी होती. मैदानात मंडप. पहिल्या रांगेत साहेब लोकांच्या बायका आणि मागे आम्ही. भिंतीवर हेल्मेट घातलेल्या माणसाचं चित्र. हवेत नेहमीसारखी राख. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालून माइकपुढे उभे राहिले. त्यांनी आईचंच रोवणीचं गाणं वाजवलं. माइक होता म्हणून त्या एवढ्याशा श्वासाचा आवाज मैदानभर गेला. सूर घसरत खाली आला, थांबला, वर चढला. त्यांनी गाण्यात जागोजागी लहान लहान थांबे घातले होते, मूळ गाण्यात ते नव्हते. लोकांना वाटलं ही त्यांची लकब. ते श्वास घेत होते. मी ते थांबे मोजत होते आणि माझ्या पुढची बाई शेजारणीला म्हणत होती, किती भाव आहे वाजवण्यात. टाळ्या झाल्या. मोठे साहेब खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, आणखी एक होऊ द्या.

बाबांनी आणखी एक वाजवलं.

मी मंडपामागे गेले तेव्हा ते सिमेंटच्या पिशव्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. ओठ जांभळे पडले होते. बोलता येत नव्हतं, पण हातानं मला विचारलं, कसं झालं. मी सांगितलं, चांगलं झालं. पुढे मंडपात त्यांचं नाव पुकारत होते, बक्षीस घ्यायला. ते उठू शकत नव्हते, म्हणून बक्षीस कोणी दुसऱ्यानंच घेतलं. स्टीलचा डबा होता.

त्यानंतर मात्र अर्जाचं लवकर ठरलं. बाबांना बोलावणं आलं, आणि त्यांना जिना चढताना धरायला कोणी हवं म्हणून मी सोबत गेले. बाजा मी माझ्या दप्तरात घेतला होता. त्यांना विचारलं नव्हतं. खोलीत कामगार अधिकारी आणि डॉक्टर होते. अधिकारी पुण्याकडचा, बोलायला गोड. बाबांना पाहून तो उठून उभा राहिला.

"या शामराव, बसा. काय सुंदर वाजवलंत त्या दिवशी. माझी मिसेस अजून बोलते." मग डॉक्टरकडे वळून, "आता मला सांगा डॉक्टर, जो माणूस इतका वेळ माउथ ऑर्गन वाजवतो त्याच्या फुप्फुसांना काय झालं असणार?"

डॉक्टर म्हणाला, "उलट ही फुप्फुसांची कसरतच आहे. आपल्याला जमणार नाही."

दोघं हसले. बाबाही हसले. ते मी विसरलेले नाही. सवयीनं, साहेब हसले म्हणून हसले.

मी म्हणाले, "सर, तो बाजा त्यांच्यासाठी वेगळा लावलेला आहे. एकदम कमी हवेत वाजतो. तुम्ही वाजवून पाहा, तुम्हाला वाजणार नाही. तुमच्या छातीत हवा आहे म्हणून."

"सुजे," बाबा म्हणाले.

मी बाजा टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यानं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं, हुशार दिसते म्हणाला, आणि हात पुढे केला. हात बाज्यापर्यंत आला आणि थांबला. त्यानं बाज्याकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. आजाराची भीती असेल किंवा आम्ही कोण आहोत हे आठवलं असेल. दोन्हींत चेहरा सारखाच दिसतो. त्यानं शिपायाला हाक मारली आणि म्हणाला, "हे जरा नळाखाली स्वच्छ धुवून आण. साबण लाव."

मी म्हणाले, "सर, लाकूड आहे आत, पाणी नका घालू."

शिपाई घेऊन गेला. नळाचा आवाज आम्हाला खोलीत ऐकू येत होता. तो परत आला तेव्हा बाज्यातून पाणी ठिबकत होतं. अधिकाऱ्यानं स्वतःच्या रुमालात धरून तो पुसला, ओठांना लावला आणि जोरात फुंकलं. आवाज आला नाही. बुडबुड्यासारखं काहीतरी झालं. पुन्हा फुंकलं, गाल फुगवून. नाहीच.

मी म्हणणार होते, पाहा. पण तोपर्यंत तो म्हणाला, "हे तर बिघडलेलं आहे."

"बिघडलं नाही सर. पत्त्या खाली आहेत, तुम्ही जोरात फुंकता म्हणून दबतात."

"पाणी गेलंय बाळ आत," डॉक्टर म्हणाला. "वाळल्यावर वाजेल."

आता पत्त्या उचलीमुळे गप्प होत्या की पाण्यामुळे, हे कोणाला कळणार होतं. माझ्याकडे एकच पुरावा होता आणि तो त्यांनी साबण लावून धुतला. अधिकारी रुमाल खिशात न घालता टेबलाच्या कडेला ठेवत म्हणाला, "शामराव, तुम्हाला परमेश्वरानं देणगी दिली आहे. रोज वाजवत जा, छाती चांगली राहील." बाबांनी हात जोडले. जिना उतरताना ते प्रत्येक वळणावर थांबले आणि मी प्रत्येक वळणावर वर पाहिलं, कोणी बघतंय का. कोणी बघत नव्हतं.

घरी आल्यावर फणी फुगली. लाकडाचे दात पाट्यांच्या बाहेर आले. तशातच बाबांनी तो तोंडाला लावला आणि खालचा ओठ कापून घेतला. मी बाहेर आलेले दात ब्लेडनं तासले. मग लाकूड वाळलं, आकसलं, भेगा पडल्या, आणि एका खोलीतली हवा दुसरीत जायला लागली. शेजारणी पत्त्यांचं एकमेकींशी जमेनासं झालं. सूर आता लवत नव्हता, नुसता गळत होता. मेणानं भेगा भरून पाहिल्या. बाबा म्हणाले, राहू दे.

ते पॅकिंगमध्येच राहिले. पुढच्या सुरक्षा सप्ताहाला गेटवर एक मोठं चित्र लागलं. माइकपुढे पांढऱ्या सदऱ्यात बाबा, तोंडाला बाजा, डोळे मिटलेले. खाली लिहिलं होतं, निरोगी कामगार, आनंदी कामगार. कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. बाबा त्या चित्राखालून कामावर जायचे आणि त्याच्याखालून, गेटच्या दांड्याला धरत धरत, परत यायचे. सोबतचे चेष्टा करायचे, भाऊ, तुमी तं हिरो झाले. बाबांना ते आवडायचं. त्याबद्दल मला त्यांचाही राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

मग त्यांचं जाणं बंद झालं. खाटेवर तीन उशांना टेकून ते बसून असायचे, आडवं झालं की बुडाल्यासारखं व्हायचं. एका सकाळी, पहिली पाळी आत जाऊन रस्ता मोकळा झाल्यावर, आईनं मला सोबत घेतलं. कुठे जातोय ते सांगितलं नाही. गेटवर गेली आणि चौकीदाराला म्हणाली, "महादेवभाऊ, स्टूल दे."

महादेवभाऊ बाबांच्याच बरोबरीचे. पॅकिंगमधून गेटवर आलेले, कारण त्यांचा भाचा युनियनमध्ये होता. त्यांनी आईकडे पाहिलं, वर चित्राकडे पाहिलं आणि आतून स्टूल आणून दिलं. आईनं पदर खोचला, वर चढली आणि चित्राचा एक कोपरा धरून ते सरळ खाली ओढलं. अर्धं निघालं. उरलेलं नखांनी खरवडलं. महादेवभाऊ एका हातानं स्टूल धरून रस्त्याकडे पाहत होते. आईनं ते कागद गुंडाळून काखेत घेतले, घरी येऊन चुलीत घातले आणि त्यावर भात टाकला. बाबांना काही सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिथे नवीन चित्र लागलं. तेच, पण मोठं आणि काचेच्या चौकटीत, हात पोचणार नाही इतकं वर. संध्याकाळी पॅकिंगमधला एक सोबती बाबांना भेटायला आला होता, त्यानं ही बातमी दिली. त्याला वाटलं आजारी माणसाला बरं वाटेल. तो गेल्यावर बाबा बराच वेळ श्वास जुळवत बसले आणि मग आईला म्हणाले, "काचेत लावला म्हंते फोटो. तू पाह्यला का? कसा दिसतो मी?"

आई विळीवर अंबाडी चिरत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "चांगले दिसता."

बाबांनी मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. बाहेर भट्टीची घरघर चालूच होती.